कासवावरचा बल्ब

शेजारच्या घरात भरदुपारी बल्ब जळताना दिसला आणि मी तो बंद केला. खालचं दुसरं बटणही चालू होतं, तेही बंद केलं. वीज वाचवली म्हणून घरी जाऊन चहा घेतला.

शेजारी म्हणजे दैवशालावहिनी आणि त्यांचे यजमान रामकिशन. दोघं एका रात्रीसाठी ताडकळसला वहिनींच्या बहिणीकडे गेले होते. किल्ली माझ्याकडे. "भाऊजी, कासवाला दाणे टाका, बाकी कशाला हात लावू नका," एवढंच वहिनी बजावून गेल्या होत्या. पण जळता बल्ब म्हणजे 'बाकी काही' असतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्यातून जानेवारी. जिंतूरची ती रात्र मी दोन गोधड्यांत काढली.

हे कासव रामकिशननं परभणीच्या दुकानातून आणलं होतं. घरात कासव असलं की बरकत येते, असं दत्तराव ठेकेदारानं त्याच्या कानात भरवलं. दुकानदार म्हणाला, पाण्यात सोडा, काही करावं लागत नाही. काही करावं लागत नाही ते रामकिशननं केलं, उरलेलं वहिनींच्या गळ्यात पडलं. वहिनी ब्लाऊज शिवतात. शिवता शिवता त्यांची नजर काचेच्या पेटीला चिकटवलेल्या तापमापकावर असते. हिवाळ्यात पाणी गरम ठेवायचा हीटर, बसायच्या दगडावर बल्ब. उन्हाळ्यात पेटीभोवती ओलं पोतं आणि कूलरचं तोंड पेटीकडे. रामकिशन बनियनवर पुठ्ठ्यानं वारा घेत बसतो. एकदा थंडीत सकाळपासून लाईट गेली तेव्हा वहिनी थेट वीज कार्यालयात जाऊन उभ्या राहिल्या. तिथला माणूस हसला, "बाई, कासवासाठी लाईट?" वहिनी म्हणाल्या, "मग काय तुमच्या खुर्चीसाठी?"

तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं एसटीनं परतले, आणि भिंतीपलीकडून हाक आली.

"भाऊजी!"

मी गेलो. कासव वहिनींच्या तळहातावर होतं. पाय बाहेर लोंबलेले, डोळे मिटलेले, मान एका बाजूला.

"बटन कुणी बंद केलं?"

"मी... म्हटलं, तुम्ही विसरलात."

"मी? तीन वर्षं झाली, विसरले का मी कधी? तुमाला एक काम सांगितलं, भाऊजी. एक! दाणे टाका. त्यात तुमाला अक्कल चालवा म्हणलं व्हतं का?"

"लक्ष्मी गेली गं घरातून," रामकिशन दारातून पुटपुटला.

"तुमी तर बोलूच नका! लक्ष्मी म्हणून आणलं अन् एकदा तरी पाणी बदललं का लक्ष्मीचं?"

काहीतरी करावं म्हणून मी घरातून पातेलंभर उकळतं पाणी घेऊन धावत आलो.

"काय करायलात? चहा करायलात का त्याचा?"

पातेलं मी तिथंच खाली ठेवलं. तेवढ्यात समोरच्या अंबाबाई गोधडी घेऊन आल्या. "गुंडाळ गं लेकराला."

"मावशी, त्याच्या अंगात सोताची गरमी असती का? गोधडी काय धोंड्याला बी घाला, धोंडा गारच ऱ्हातो. त्याला बाहेरून ऊब लागती. अन् ती बाहेरची ऊब ह्या शहाण्यानं बंद केली!"

त्यांनी परातीत बोटभर कोमट पाणी घेतलं, कोपर बुडवून पाहिलं, कासव त्यात ठेवलं आणि त्याचं तोंड पाण्यावर धरून बसल्या. पाणी निवायला लागलं की थोडं ऊन पाणी कडेनं सोडायच्या. हात इतके हळू, आणि तोंड मात्र चालूच.

"ह्या घरात माझ्या मशीनवरचा बल्ब बी असाच बंद करत्यात. 'उजेड हाय की!' म्हणत्यात. काळ्या कपड्यावर काळा दोरा घालून बघा म्हणावं एकदा. ज्याला लागतो त्याला इचारायचं न्हाई. दिसलं की दाबलं बटन!"

रामकिशन खाली बघू लागला. मीही. माझ्या घरी देवघरातली समई सोडली तर बायकोनं लावलेला एकही दिवा माझ्या हातून सुटत नाही.

बराच वेळ काही झालं नाही. अंबाबाई हात जोडून बसल्या. वहिनींचं बोलणंही थांबलं, आणि ते थांबलं तेव्हा मला खरी भीती वाटली.

मग मागचा एक पाय हलला. जरासाच. थोड्या वेळानं एक डोळा उघडला आणि त्यानं नेमकं माझ्याकडे पाहिलं, असं मला वाटलं.

वहिनींनी पदरानं नाक पुसलं आणि रामकिशनकडे न बघता म्हणाल्या, "बल्ब लावा. हीटर बी." तो पळतच गेला.

मला धीर आला. म्हटलं, "वहिनी, चुकलंच. पण खरं सांगू? दिवसा जळता दिवा दिसला की हात आपोआपच जातो हो बटणाकडे."

वहिनींनी परातीवरून मान वर केली.

"मग येतानी हात खिशात घालून येत जावा."