घोकूची मावशी कोडात शिरते

ऑफिसात त्याला घोकू म्हणायचे, आणि तेही तोंडावर. दोष त्याचाच. कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. पेशंटने वेळ घ्यायची, ती रद्द करायची, सगळं त्यातून. नव्या माणसाने आधी जुना कोड वाचायचा, मग फळ्याशी उभं राहून टीमला समजावून सांगायचा, आणि ते जमलं तरच नोकरी पक्की, असा तिथला रिवाज. घोकूने शाळेत जे केलं तेच इथे केलं. अख्खी फाइल पाठ करून टाकली. कुठल्याही ओळीवर काय लिहिलंय विचारा, गडी डोळे मिटून सांगायचा. कंस कुठे सुटतो तेही. त्या ओळीने होतं काय, एवढं मात्र विचारायचं नाही.

पहिल्या खेपेला टीमच्या मॅडमनी साधाच प्रश्न टाकला. "पेशंट वेळ रद्द करतो, तरी त्याला 'उद्या अमुक वाजता या' असा मेसेज जातो. दवाखानेवाले आपल्या नावाने शंख करतायत. का जातो मेसेज?"

"जात नाही, मॅडम," घोकू छातीठोकपणे म्हणाला.

"अरे, जातोय म्हणून तर विचारतेय!"

"पण कोडात लिहिलंय ना. 'वेळ रद्द झाली की मेसेजही काढून टाकतो.' रद्द करायच्या भागात, पहिलीच ओळ."

"आणि ती ओळ कोण वाचतं?"

ती ओळ म्हणजे नुसता शेरा होता, आधीच्या कुणीतरी पुढच्या माणसांसाठी लिहून ठेवलेला. मशीन शेऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. खाली त्याबरहुकूम खरंच काही केलंय का, हे घोकूने पाहिलंच नव्हतं. मागे कुणीतरी खोकलं, आणि खोकला झाल्यामुळे नव्हे.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "शुक्रवारी परत उभा राहा. साहेबही असतील. काय ते तेव्हा ठरेल."

इकडे घरी आईने शेजारच्या काकूंना आणि काकूंनी उरलेल्या गल्लीला 'पोरगा पक्का झाला' असं कधीच सांगून टाकलं होतं. आता परत जायचं तर कुठल्या तोंडाने?

घोकू पुन्हा घोकायला बसला. शेजारच्या टेबलावर चष्मिश होती, त्याच्या वर्षभर आधी लागलेली. डोक्यावर चष्मा चढवून 'माझा चष्मा कुठंय' असं सगळ्यांना विचारणारी.

"पाढे म्हणतोयस का रे?"

"फाइल परत पाठ करतोय. काहीतरी राहिलं असणार."

"ओळ एकही राहिलेली नाही. पण तुझ्या कोडातून आजवर कुणी गेलंय का? एक पेशंट घे. खरा घे. तुमच्यात दात कुणाचे दुखतात?"

"मावशीचे. पण ती भित्री आहे. वेळ घेते आणि रद्द करते."

"अगं बाई, मग आणखी काय हवं! धर तिचा हात आणि चल. प्रत्येक ओळीला सांगायचं, मावशीचं आता काय झालं आणि ती पुढे कुठे जाणार. अंदाज आधी, चालवून बघायचं नंतर. उलटं केलंस तर चहा तुझ्याकडून."

मावशी आत शिरली. तिने वेळ घेतली, वेळ नोंदली गेली. पण त्याच दमात कोड आणखी एका ठिकाणी डोकावला आणि पाठवायच्या मेसेजांच्या रांगेत मावशीचा मेसेज ठेवून आला. ही ओळ घोकू झोपेतही म्हणू शकला असता. ती करते काय, ते आज कळत होतं. मग मावशी घाबरली, तिने वेळ रद्द केली. नोंद पुसली गेली.

"आणि रांगेतला मेसेज?" चष्मिशने विचारलं.

घोकूने स्क्रीनवरच्या शेऱ्यावर तळहात ठेवला आणि खालच्या ओळी तेवढ्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. "रांगेकडे कुणी फिरकलंच नाही की गं!" तो इतक्या जोरात ओरडला, की पलीकडच्या माणसाने कानातले इयरफोन काढले.

शुक्रवारी त्याने मावशीला फळ्यावरून फिरवून आणलं. साहेब खुशीत हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"बरं. मावशीने सकाळची वेळ रद्द करून त्याच दिवशीची संध्याकाळची घेतली तर?"

या वाटेने तो गेलाच नव्हता. काहीतरी ठोकून द्यावं असं फार वाटलं.

"मी तिथून गेलेलो नाही, मॅडम. अंदाज सांगू? दोन मेसेज जातील."

"चल, बघू."

तो मोठ्याने बोलत एकेक ओळ चालू लागला आणि मध्येच थबकला. "थांबा. पेशंट तोच, दिवस तोच, तर रांगेत दुसरा मेसेज घेतच नाही. जुना असतो तोच ठेवतो. म्हणजे चुकलो मी, एकच जाईल. पण तो... सकाळचा! मावशी सकाळीच जाऊन बसणार आणि डॉक्टर बघणार संध्याकाळी!"

मॅडम उठून फळ्यापाशी आल्या. त्यांनी स्वतः दोनदा बोट फिरवून पाहिलं.

"मलाही दोनच वाटत होते," त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "याच्या कागदावर सही करा. आणि आज जेवण उशिरा, सगळ्यांचंच. कुठल्या कुठल्या दवाखान्यांत मावशा ताटकळत बसल्यात, ते आधी बघू."

सगळे उठले. घोकू हातात खडू धरून तिथेच.

"अरे, पक्का झालास," चष्मिश म्हणाली. "का तेही आधी चालवून बघणार?"