कानस मारलेलं नाणं

मी नकला करतो. सालेकसा तालुक्यातल्या आमच्या गावात लग्न असो की नामकरण, माझ्या हातात माईक देतात अन् म्हणतात, "कर रे बाबू." बसचा कंडक्टर, सरपंच, तेंदूपानाच्या फडावर नाकातून आकडे म्हणणारा मुंशी, सगळे माझ्या गळ्यात बिनभाड्यानं राहतात. शाळेत असताना हेडमास्तरांच्या आवाजात मी एकदा पाचवीच्या वर्गाला सुट्टी देऊन टाकली होती. मार खाल्ला, पण पोरं घरी पोचली होती.

अडचण एकच. गळा माझा, पण माईक अन् स्पीकर दुसऱ्याचा. त्याचा मूड असला तर मी कलाकार, नाहीतर मी नुसता टवाळखोर. मला स्वतःचा सेट पाहिजे होता. अन् आईच्या पेटीत एक नाणं होतं.

सोन्याचं. चांगलं जाड. पण दोन्हीकडून सपाट, शर्टाच्या मोठ्या बटनासारखं, किनारीला थोडे टिपके तेवढे उरलेले. आजानं, म्हणजे आईच्या बापानं, ते तिला लग्नात दिलं. आजाला मी पाहिलेलं नाही. नाणं असं काऊन विचारलं की आई म्हणायची, "झिजलं." मला वाटायचं, हातोहात फिरून झिजलं असेल.

मोबाइलवर एक माणूस ओरडून सांगत होता की घरातलं जुनं नाणं विका अन् लखपती व्हा. त्याची नक्कल मी त्याच दिवशी बसवली, अन् नक्कल करता करता आईच्या मागं लागलो.

"इकू नको ना. खरं हाय का नाही, तेवढं तं पाहू."

आठ दिवस आईनं पेटीला हात लावला नाही. मग एका सकाळी नाणं रुमालात बांधून तयार.

"चाल. पन मले किमतीचं काही नाही. गावातले लोक माह्या बापाले म्हनत, पितळ जपून राहिला म्हनून. जानता मानूस काय म्हनते, ते मले माह्या कानानं आयकाचं हाय."

गाडीनं गोंदियाला गेलो. बाजारात एक म्हातारे सेठ आहेत, दागिने विकतात अन् जुनी नाणी घेतात. पांढरा सदरा, कपाळावर टिळा, समोर काचेचं काउंटर. बोलताना दर वाक्याआधी जीभ टाळूला लावून 'च्च' करतात. दुकानात पाय ठेवल्याबरोबर मला ते 'च्च' आवडलं. मनात म्हटलं, हे आपल्या कामाचं.

सेठनं नाणं आधी काचेवर टाकलं. टण्ण वाजलं अन् आवाज बराच वेळ टिकला. मग काट्यावर ठेवलं. मग काळ्या कसाच्या दगडावर घासलं, पिवळी रेघ उठली. रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला.

"च्च. पीतल होगा तो लाइन उड़ जाएगी," सेठ म्हणाले.

आई त्या रेघेकडं अशी पाहत होती जशी निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्याकडं पाहतात. रेघ तशीच राहिली.

"सोना है. अच्छा सोना है."

आईनं पदर नीट केला. बस, तेवढंच. पण तिच्या पाठीचा कणा सरळ झालेला मी पाहिला.

तिथून उठलो असतो तर ही गोष्ट गोड झाली असती. मीच म्हटलं, "सेठ, जुनं नाणं म्हणून काय भाव येईल?"

सेठनं डोळ्याला भिंग लावलं. नाणं उजेडाकडं फिरवलं. अन् 'च्च' न करता एकदम विचारलं, "ये घिसा हुआ नहीं है. कानस मारा हुआ है. किसने मारा?"

"आपका सरनेम क्या है?"

आईनं आडनाव सांगितलं. सेठनं भिंग खाली ठेवलं. मघापर्यंत 'आप' होतं, ते गेलं.

"देखो बाई, चोरी का माल आता है ना, उसका छाप ऐसे ही उड़ाते हैं. तुम लोगों के पास ये आया कहाँ से?"

मला राग आला असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मला भीती वाटली. आपलीच वस्तू, पण हात आपोआप खिशातून बाहेर आले, कोणी झडती घेणार असल्यासारखे.

आई मात्र आरामात स्टुलावर बसली. बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

"माह्या बापानं मारली कानस. माह्या डोळ्यापुढं. मी सात-आठ वर्साची असन."

"काय को?"

मग आईनं जे सांगितलं, ते मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. तिच्या आजाची बैलजोडी मालगुजारानं, म्हणजे गावच्या जमीनदारानं, ठेवून घेतली अन् बदल्यात हे नाणं दिलं. हातात नाही दिलं. शिवू नये म्हणून वरून टाकलं, यानं खाली ओंजळ धरली. नाण्याच्या दोन्ही बाजूंना देव होते. पुढं माझ्या आजानं धम्मदीक्षा घेतली. घरातले देव सगळे तलावात सोडले. पण हे सोनं होतं, बैलजोडीचं होतं, सोडवलं नाही. पेटीत राहिलं. गावातले लोक चिडवत, वरून पंचशील अन् पेटीत देव, मजा आहे म्हणून.

"एक दिवस बाप उठला, इळ्याची कानस घेतली अन् ओसरीत बसला," आई म्हणाली. "दुपारपावतर घासत होता. मी बाजूले बसून पाहून राहिली होती. झालं तं म्हने, आता हे आपलं."

सेठनं परत भिंग उचललं. बराच वेळ पाहिलं.

"च्च. बराबर है. घिसाई भी पुरानी है, निशान बैठ गए हैं." मग डोक्यावर हात मारला. "अरे बाई! ये देव के छाप वाला सोने का सिक्का जल्दी मिलता नहीं. साबुत होता तो शौकीन लोग लाखों देते. अभी ये क्या है? टुकड़ा है. गलाने का भाव." अन् मध्येच काहीतरी आठवून पुढं वाकले. "और बुरादा? घासताना जो बुरादा गिरा, वो कहाँ गया?"

आईनं तळहात समोर धरला अन् त्याच्यावर फुंकर मारली. फू.

सेठ तिच्या रिकाम्या हाताकडं पाहतच राहिले.

दुकानात शांतता झाली. अन् मला शांतता सहन होत नाही, हा माझा जुना आजार आहे. 'लाखों' हा शब्द डोक्यात वाजत होता. सेठच्या डोळ्यांतली मघाची ती नजर मला घालवायची होती, त्यांच्या बाजूचा व्हायचं होतं. मी म्हटलं, "सेठ, आमच्या आज्याचं काय घेऊन बसले! त्याले कोनी नोट देली असती, तं खोडरबरानं कोरी करून ठेवली असती."

सेठ असे हसले की चष्मा उतरवून डोळे पुसावे लागले. "वा! लड़का कलाकार है!"

मीही हसलो. आपल्या विनोदावर आपण हसू नये हा धंद्याचा नियम, पण हसलो.

आईनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. बाजारात भाजी हातात घेऊन पाहतात अन् परत ठेवतात, तसं.

मग सेठकडं वळली. "गाळाचा भाव काय हाय? इकाचं हाय."

"आई, अवं, घाई काऊन करतं? घरी जाऊ, इचार करू."

"तू चूप."

आधार कार्ड दिलं, कागदावर सही केली. एकच अट घातली, "माह्यासमोर गाळा." मागच्या खोलीत कारागिरानं नाणं मुशीत टाकलं. टाकायच्या आधी सेठनं सवयीनं शेवटचं एकदा भिंगातून पाहिलं अन् म्हणाले, "अरे, किनारे पे एक पाँव बाकी है. छोटा सा. तेरे बाप से छूट गया."

आईनं भिंग मागून घेतलं अन् पाहिलं. गॅसची निळी ज्योत सुरू झाली. नाणं आधी लाल झालं, मग कडेनं बसलं, मग एक थरथरता पिवळा थेंब.

"आता पाय बी गेला ना?" आईनं कारागिराला विचारलं.

त्याला काही कळलं नाही. "सब गया, अम्मा," तो म्हणाला.

परतीच्या गाडीत आई खिडकीजवळ बसली. रिकामा रुमाल घडी करून पिशवीत ठेवला. पैसे माझ्या मांडीवर ठेवले, वरून टाकले नाहीत, नीट ठेवले.

"घे. तुह्या भोंग्याचे."

आमगाव गेल्यावर मीच विचारलं, "तुले तं इकाचं नव्हतं ना? सोनं खरं हाय, एवढंच आयकाचं होतं. मंग काऊन इकलं?"

"तू हासला नसता तं नसतं इकलं," आई म्हणाली. "घरी ठेवलं असतं तं उद्या लग्नात माईक घेऊन तू माह्या बापाले कानस घेऊन बसवलं असतं. लोक हासले असते."

मी म्हटलं, "नाही वं, काही बी बोलतं."

पण गाडीत बसल्यापासून माझा उजवा हात मांडीवर मागं-पुढं, मागं-पुढं चालला होता, कानस धरल्यासारखा. आईनं तो हात पाहिला होता. मी तो थांबवला, अन् बाहेरची धानाची बांधी पाहत बसलो.