शालीतलं जनावर

पुण्यातली नोकरी घरून करायची परवानगी मिळाली, तेव्हा मी केजजवळच्या युसूफ वडगाव या गावी काका-काकूंकडे राहायला आले. सोबत लॅपटॉप, दोन बॅगा आणि एक पाल होती. पाल म्हणजे लेपर्ड गेको. वीतभर लांब, पिवळी, अंगभर काळे ठिपके. काचेच्या पेटीत राहते, भिंतीवर चढत नाही, सहसा चावतही नाही. हे सगळं मी काकूला नीट समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर इकत कावून आणलीस? आपल्या घरात काय कमी हायत का?"

 पण काकूने तिला ठेवून घेतलं. पालीच्या खाण्याच्या अळ्यांना कोंडा लागतो म्हटल्यावर तो चाळून देऊ लागली, आणि पालीला 'तुझं लेकरू' म्हणू लागली.

काका राजकारणात आहेत. समोरच्या हॉलमध्ये रोज माणसं बसलेली असतात. मी तिथे चहाचा ट्रे ठेवण्यापुरती जायची, तेही कपांकडे बघत. त्या हॉलमध्ये मी एक अख्खं वाक्य कधी बोलले असेन, असं मला आठवत नाही.

त्या दिवशी केजहून काकांच्या पक्षातले मोठे साहेब येणार होते. त्याच सकाळी काकूने शेजारच्या मावशींना लेकरू दाखवलं आणि पेटीचं झाकण अर्धवट लावलं. मी बघितलं तेव्हा पेटी रिकामी होती.

आम्ही दोघी कुणाला न सांगता शोधायला लागलो. साधी पाल दिसली तर लोक झाडूने हाकलतात. पिवळी, ठिपक्यांची दिसली तर विषारी समजून चेचतील, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. मी फ्रिजखाली बघितलं, बुटांत बघितलं, पिठाच्या डब्यामागे बघितलं. काकू पलंगाखाली वाकून दबक्या आवाजात हाका मारत होती, "ये गं माय, ये. कुणी काई करत न्हाई." पालीला ऐकू येतं, पण हाकेला ती येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. मला त्या हाकांचा आधार वाटत होता.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. काका आत डोकावले. "शाल दे गं. नारळ हाय माझ्याकडं."

आमच्याकडे सत्काराच्या शालींचा तुटवडा नसतो. काकांना मिळालेल्या शाली इन्व्हर्टरच्या वरच्या फळीवर रचून ठेवलेल्या असतात आणि पुढच्या पाहुण्याच्या खांद्यावर जातात. काकूने वरची शाल ओढून दिली. ते बघताना माझ्या लक्षात आलं की फळीला इन्व्हर्टरची ऊब लागते, आणि पालीला ऊब लागते. मी उरलेल्या शाली चाचपल्या. एका शालीचं टोक जमिनीपर्यंत लोंबत होतं, म्हणजे ते धरून ती वर चढली असणार. वरच्या घडीवर पातळ, पांढऱ्या कातीचा तुकडा पडला होता.

मी हॉलच्या पडद्यापर्यंत पळत गेले आणि तिथेच थांबले. समोर भरपूर माणसं. काका साहेबांच्या खांद्यावर शाल नीट करत होते, सगळे मोबाईल वर करून उभे होते. साहेबांच्या उजव्या कानाखाली, शालीच्या काठातून, एक पिवळं तोंड बाहेर आलं आणि त्याने फोटोवाल्यांकडे बघितलं.

बोलायला हवं होतं. पण काय? 'पाल' म्हटलं तर चपला निघतील. 'गेको' कुणाला कळणार नाही. 'प्राणी' म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं, सगळे हसतील. म्हणून मी त्यातल्या त्यात घरगुती शब्द निवडला.

"काका, शालीत जनावर आहे."

कुणालाच ऐकू गेलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या हॉलमध्ये ओरडले, "शालीत जनावर आहे!"

माझ्या डोक्यात जनावर म्हणजे गाय, बैल, कुत्रं, कुठलंही. पण आमच्याकडे सापाला कुणी साप म्हणत नाही. जनावरच म्हणतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि नेमकं त्या वेळी आठवलं नाही.

"जनावर! जनावर हाय!" प्लास्टिकच्या खुर्च्या उलटल्या. दोघे खिडकीत चढले. साहेबांनी शाल फेकली आणि त्या वयात, त्या अंगाने, एका उडीत सोफ्यावर गेले. पाल खाली अंथरलेल्या गादीवर पडली, आणि घाबरून तिने शेपटी टाकली. पाल बसल्या जागी थिजली. शेपटी मात्र एकटीच वळवळत पुढे निघाली.

"पिल्लू हाय बे! पिल्लू लई इखारी असतंय! हान!"

सगळ्यांनी मिळून शेपटीला चपलांनी झोडपलं. तेवढ्यात मी पाल दोन्ही हातांत घेतली.

"पोरी, टाक ते खाली!" साहेब सोफ्यावरून ओरडले.

"पाल आहे. माझी आहे."

खिडकीतले दोघे खाली उतरले. काका माझ्याकडे बघत राहिले. साहेबांनी धोतर सावरलं. "मंग जनावर कावून म्हनलीस?"

"पाल म्हटलं असतं तर तुम्ही मारली असती."

"आन् जनावर म्हनल्यावर आमी काय आरती केली असती व्हय?"

सगळे हसले. सत्कार दुसरी शाल आणून पार पडला. ती शाल आधी अंगणात नेऊन झटकली.

पाल मात्र खाईना. शेपटीतच तिची चरबी साठलेली असते. शेपटी गेल्यावर तिने खाल्लं नसतं, तर ती फार टिकली नसती. मी चिमट्यात अळी धरून बसायची, ती मान फिरवायची. काका रोज दाराशी यायचे. याआधी ते माझ्या खोलीत कधी आले नव्हते. "जेवली का?" एवढंच विचारायचे आणि जायचे.

एका सकाळी ते गेले नाहीत. माझ्या हातातून चिमटा घेऊन पेटीसमोर मांडी घालून बसले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे साहेब होते, इतका मोठा आवाज त्यांचाच. पालीने मान वर केली. अळीकडे बघितलं. आणि झडप घातली.

"साहेब, मंग बोलतो," काका कुजबुजले. "जेवन चालू हाय."

"कुनाचं?"

काकांनी फोन ठेवून दिला आणि दुसऱ्या अळीसाठी माझ्यापुढे हात केला.