खाडीकडची चोळी-बांगडी

ईरा, निहार — हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. शेवटच्या दिवसांत त्यांचा हात तासन्‌तास माझ्या हातात असायचा, तेव्हाही नाही.

मागच्या महिन्यात इथल्या वकीलबाईंकडे माझं मृत्युपत्र करायला गेले होते. माझे नीट लावलेले कागद पाहून त्या म्हणाल्या, "काकू, सगळेच तुमच्यासारखे आले तर आम्हाला कामच उरणार नाही!" मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला — या मिळकतीवर आणखी कोणाचा हक्क निघतो का? मी प्यायला पाणी मागितलं.

सुमनआजी आठवते ना तुम्हाला? आजोबांची थोरली बहीण. तुम्ही आलात की उरणहून एसटीने कालवणाचा डबा घेऊन येते. "काय रं सायबा, काटा काढता येतो का नाय?" म्हणून निहारला चिडवते. तिच्याबद्दल लिहायचं आहे. म्हणजे — माझ्याबद्दल.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या बाबांना, सहीपुरतंच लिहिता यायचं. मी घरातली पहिली इंग्रजी शाळेत शिकलेली सून, म्हणून त्यांचं मृत्युपत्र मी लिहायचं ठरलं. खाटेवर बसून त्यांनी सांगितलं, "सुमीला चोळी-बांगडी द्या. खाडीकडची. बाकी समदं पोराला."

आमच्याकडे या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक साधा — सणाला लेकीला साडी-बांगड्या करणं. दुसरा जुना. लेकीला कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून बाप जमिनीचा एक तुकडा तिच्यासाठी काढून ठेवतो. त्या तुकड्यालाच चोळी-बांगडी म्हणतात. खाडीकडची म्हणजे मिठागराला लागून असलेली आमची जमीन, उलव्याच्या अंगाची. तिथले भाव चढणार अशी कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती.

मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. पुरतं कळलं होतं.

मी लिहिलं — 'मुलगी सुमन हिला दरसाल चोळी-बांगडी करावी.' खाडीचं नाव घातलंच नाही. वाचून दाखवताना मात्र बाबांचेच शब्द म्हटले, जसेच्या तसे. खाडीकडची — हेसुद्धा. त्यांनी मान डोलावली. "बेस लिवलंस, पोरी." आणि सही केली. खाली शेजारच्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. वाचून कोणी पाहिलं नाही. सुशिक्षित सुनेचं अक्षर — त्यात काय वाचायचं?

बाबा गेल्यावर तुमच्या आजोबांनी तो कागद हातात घेतला. ते बंदरावर कामाला. बाबा सांगत होते तेव्हा घरी नव्हते. "चोळी-बांगडी — म्हणजे जमिनीचं काही बोलले होते का?" त्यांनी विचारलं. "नाही हो," मी म्हणाले. "दिवाळीची साडी."

पुढे तो तुकडा विकला. त्यातून तुमचे बाबा परदेशात शिकले, आणि उलव्याचा फ्लॅट झाला. सुमनचा नवरा लवकर गेला. ती मासळी निवडायच्या कामाला जात राहिली, भाड्याच्या खोलीत. अजूनही तिथेच आहे. आणि मी दर दिवाळीला तिला साडी देत राहिले. एकही दिवाळी चुकवली नाही — माझी शिस्त! नवरा गेल्यावर पहिल्या दिवाळीला बांगड्यांचं काय करावं, म्हणून मी घुटमळत होते, तर तीच हसली. "वयनी, बांगडी तर गेली. चोळी तेवढी सोडू नको हां."

गेल्या दिवाळीला साडीच्या पदरावरून हात फिरवत म्हणाली, "बाबानं सांगितलं तसं पाळलंस. दुसरी कोन पाळती?"

ती त्याच गावची लेक. तिला तो जुना अर्थ माहीत नसेल? मी विचारलं नाही. चहा टाकायला आत गेले.

वकीलबाईंना मी सांगितलं, "हक्क कोणाचा नाही. पण उलव्याचा फ्लॅट नणंदेला द्यायचा आहे." त्यांना भरून आलं. म्हणाल्या, "मग आत्ताच बक्षीसपत्र करा ना, काकू. हयातीत तरी राहतील स्वतःच्या घरात. आणि त्या तुमच्याआधी गेल्या तर मृत्युपत्रातल्या या ओळीला काही अर्थ उरणार नाही."

मी नको म्हणाले. बक्षीसपत्र केलं असतं तर सुमनने विचारलं असतं — का? मृत्युपत्र मी गेल्यावर उघडेल. तेव्हा विचारायला समोर मी नसेन. वकीलबाईंना वाटलं, म्हातारीला फ्लॅट हातचा जाईल अशी धास्ती आहे. मी तसं वाटू दिलं.

सुमन माझ्याहून मोठी आहे. एसटीच्या पायरीवर आता ती दांडा धरून थांबते, दम खाते, मग वर चढते. हे मी स्टँडवर उभी राहून पाहिलं आहे. आणि तरीही मृत्युपत्रच केलं.

यंदाची साडी आणून ठेवली आहे.