कुत्र्याचा घास शंकरच्या हातून

१९५१ सालची माघ पौर्णिमा. तिरोड्याजवळच्या आमच्या घरी, पत्नीच्या आणि धाकटा भाऊ शंकर याच्या समक्ष, मी सोमाला पंधरा रुपये कबूल केले. सोमा जंगलालगत गुरे राखायचा. त्याने आपला कुत्रा शंकरला वाट दाखवण्यासाठी तयार करून द्यायचा होता.

शंकर फौजेत हवालदार होता. ब्रह्मदेशच्या लढाईत त्याचे दोन्ही डोळे गेले. परत आल्यापासून तो पडवीत बसून असे. एकदा म्हणाला, "दादा, मले बोदलकशाच्या तलावाच्या पाळीवर सोडून दे. परत आनू नको." त्या दिवसापासून मी देवपूजा सोडली. महादेवाजवळ काय मागावे तेच कळेना. त्याच आठवड्यात सोमा आमच्या दारी पाणी प्यायला थांबला आणि शंकरला पाहून आपणहून बोलला, "बकऱ्या वळवते तो कुत्रा मानसाले काऊन नाही वळवनार?"

त्याने कुत्र्याच्या गळपट्ट्याला आखूड बांबू बांधला आणि दुसरे टोक शंकरच्या हाती दिले. पुढे खड्डा किंवा धुरा, म्हणजे भातशेताचा बांध, आला की सोमा कुत्र्याला बसवी. शंकर हसून म्हणे, "हवालदार मी, आन् हुकूम कुत्र्याचा!" किती तरी दिवसांनी तो हसला होता. पण मी दिसलो की कुत्रा त्याला ओढत माझ्याकडे येई. दोनदा शंकर पडला आणि त्याने बांबू फेकून दिला.

सोमाने विचारले, "याले चारते कोन?"

आमच्याकडे जेवणाआधी कुत्र्याचा घास काढायची वडिलांपासूनची रीत. सोमाचा कुत्रा आता आमच्याच दारी राही, त्याला तो मीच देत असे. पूजा सोडली होती, हे सुटले नव्हते.

"मंग कुत्रा तुमचा झाला, भाऊ. डोये तुमचे फुटले का?"

पत्नीने हसू लपवायला तोंडाला पदर लावला. मला राग आला. घरच्या कर्त्याने काढायचा घास दुसऱ्याला कसा द्यावा? पण दुसऱ्या दिवशी तो शंकरच्या हातावर ठेवला आणि तिथून निघून गेलो. त्या दिवशी मला फार रिकामे वाटले.

कार्तिकात एका सकाळी शंकर न सांगता महादेवाच्या देवळाकडे निघाला. मी शोधत धावलो. पाण्यासाठी कुणीतरी पाटाची पाळ फोडली होती आणि तो नेमका तिकडेच चालला होता. वारा उलटा, माझी हाक पोचेना. मी जागीच हात जोडले, "महादेवा, आता तूच."

कुत्रा आडवा बसला. शंकरने दटावले, ढकलले, तरी उठेना. तेव्हा त्याने दुसऱ्या हातातली काठी पुढे केली आणि ती खाली पोकळीत गेली. तो तिथेच बसला आणि कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसून रडला. कुत्र्याला सोमाने शिकवले होते, हे मला ठाऊक आहे. तरी त्या संध्याकाळी मी पुन्हा दिवा लावला. भाऊ वाचावा ही माझी इच्छा देवाने पुरवली, पण माझा हात बाजूला सारून.

हिशेबाच्या दिवशी मी पैसे काढले, तर शंकरने मला थांबवले. आपल्या पेन्शनमधले रुपये एकेक चाचपून त्याने सोमाच्या तळहातावर ठेवले.

"हवालदार, दोन जास्त झाले."

"मले मोजता येते. ठेव."

सोमाला सतरा रुपये पोचले. त्यात माझा एकही नव्हता.