शांत म्हणे!

आठवीला मी गाव सोडून जिंतूरच्या शाळेत जायला लागले, तेव्हा माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर कोडाचे पांढरे डाग नुकतेच उमटले होते. पहिला महिना कुणाचं लक्ष गेलं नाही. मग एकदा मधल्या सुट्टीत शेजारणीच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी घ्यायला हात पुढं केला, तर तिनं डबाच मागं ओढला.

"आई म्हनली, हिच्यासंगं खायचं न्हाई. पसरतंय ते."

आठवड्याभरात मी एकटी जेवायला लागले.

आईनं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून आणली, की हे शिवल्यानं होत नाही. आम्ही दोघी ती घेऊन वर्गशिक्षिका बाईंकडं गेलो. बाईंनी चिठ्ठी नीट वाचली.

"मला कळतंय हो सगळं. पण बाकीच्या पोरींचे आईबाप तक्रार करायलेत. तुमची लेक समजदार हाय. बसंल की मागच्या बाकावर."

डबा मागं ओढणाऱ्या त्या पोरीच्या आईचा मला आज राग येत नाही. तिला माहीत नव्हतं. बाईंना माहीत होतं.

मागच्या बाकावर मी तीन वर्षं एकटी बसले. नववीत स्नेहसंमेलनाच्या नाचात मला घेतलं, कारण एक मुलगी आजारी पडली होती. हात धरून गोल फिरायचं होतं. माझ्या जोडीदारणीनं आधी आपल्या हाताला रुमाल गुंडाळला आणि मग माझा हात धरला. मी बाईंकडं पाहिलं. त्या हसून तिला म्हणाल्या, "बरी युक्ती काढलीस की!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

परभणीला कॉलेजच्या होस्टेलवर खोलीतल्या मुली चांगल्या होत्या, जेवायला हाका मारायच्या. मी "भूक नाही" म्हणायचे आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवायचे. उत्तर येत असलं तरी वर्गात हात वर करायचे नाही. मे महिन्याच्या उन्हात पूर्ण बाह्या घालायचे. पुढं पूर्णेला एका शाळेच्या कार्यालयात नोकरी लागली. तिथं कुणाला कागद द्यायचा झाला तर मी तो टेबलावर ठेवून पुढं सरकवायचे. लग्नानंतर घरातही चहाचा कप तसाच सरकवायला लागले, तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, हातात दे की." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हातात द्यायची सवय व्हायला वर्षभर गेलं.

मागच्या दिवाळीत दहावीच्या वर्गाचा मेळावा झाला. मी मुद्दाम गेले. बाई आता निवृत्त झाल्यात. सत्काराची शाल पांघरून त्यांनी एकेकीबद्दल चार शब्द सांगितले. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "ही फार शांत मुलगी. तीन वर्षांत हिचा आवाज कधी ऐकला नाही."

टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले.

"बाई, मी शांत नव्हते. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. आणि ते तुम्हाला माहीत होतं."

बाई शाल सावरत राहिल्या. शेजारची वर्गमैत्रीण माझा पदर ओढून म्हणाली, "जाऊ दे ना आता. लहान होतो गं आपण."

"मी पण लहानच होते," मी म्हणाले.

मग कुणीतरी घाईघाईनं जेवणाची घोषणा केली आणि खुर्च्या सरकल्या. बाई माझ्याकडं न बघता पुढच्या रांगेत जाऊन बसल्या. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. फक्त त्या दिवशी मला कडकडून भूक लागली आणि मी हॉलच्या मधोमध बसून, सगळ्यांच्या पंगतीत, पोटभर जेवले.