न बदललेलं बूच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की जीभ भलतीकडेच वळते — मासळी, डिझेल, मुलीचं कॉलेज. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखीच्या माणसांपुढे तोंड उघडायची हिंमत अजून नाही, म्हणून? हेच खरं असावं.

गोष्ट एका बुचाची आहे. हसू नका.

आमची फायबरची होडी आहे. तिच्या पाठीमागच्या बाजूला, अगदी तळाशी, एक भोक असतं. होडी किनाऱ्यावर ओढली की तिथलं बूच काढायचं, म्हणजे आत साठलेलं पाणी निघून जातं. समुद्रात लोटण्याआधी पिळून घट्ट बसवायचं. पावसाळ्यात होडी शाकारून ठेवली की आमच्या घरी ते बूच देव्हाऱ्यात असतं — हरवू नये म्हणून. नारळी पौर्णिमेला हळद-कुंकू लावून ते बाहेर काढायचं आणि घरातल्या एकाने होडीला बसवायचं. वडील गेल्यापासून हा मान, आणि एरवी बूच काढायचं-बसवायचं कामही, माझ्याकडे आलं. होडीचे तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारे, माझे चुलते नानाकाका. त्यांचा मुलगा सुभाष आणि मी, दोघे भागीदार.

त्या वर्षी बुचाचे आटे झिजले होते. बसवलं तरी डुगडुगायचं. काकांनी मला नवीन आणायला रत्नागिरीला पाठवलं. मी आणलंही — पण घरी येऊन बघतो तर ते लहान मापाचं. बदलून आणायला काय लागत होतं? एसटीची एक फेरी. मला कंटाळा आला. दुसरं काही कारण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. मी जुन्याच बुचाला नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली आणि ते देव्हाऱ्यात परत ठेवलं.

पौर्णिमेला सगळ्यांच्या देखत मी ते पिळून बसवलं. काका बाजूलाच उभे होते, हातात नारळ घेऊन.

"नवीनच बसवलंस ना रे मेल्या? का जुन्यालाच टिळा लावलास?"

सगळे हसले. मीही हसलो. "नवं कोरं आहे काका," म्हणालो.

तेव्हासुद्धा बोलता आलं असतं. पण कुंकू लावून झालं होतं, बायका आरती घेऊन उभ्या होत्या, आणि एकदा पूजा झाली की आमच्यात त्या दिवशी होडीची कुठलीही वस्तू काढत नाहीत, अपशकुन मानतात. मी त्याच्याआड लपलो. तुम्हाला वाटेल, एवढ्यासाठी? हो. एवढ्यासाठी.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी काका आणि सुभाष मासळी घेऊन परत येत होते. मी जेटीवर उभा होतो. खाडीच्या तोंडाशी, तिथला खडक ओलांडता ओलांडता, होडी मागून खाली बसायला लागली. इंजिन बंद पडलं. एका लाटेत जाळी, मासळी, सगळं पाण्यात. दुसऱ्या होडीने दोघांना उचललं आणि आमची होडी दोराने ओढत किनाऱ्याला आणली. माणसं वाचली — हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलंय!

वाळूवर पाय टेकताच सुभाष बापावर ओरडला. "एवढा मोठा खडक दिसला नाही तुम्हाला? डोळे फुटले काय?" सारा किनारा ऐकत होता. काका थंडीने कापत होते. त्यांनी फक्त मान हलवली — नाही दिसला म्हणून, की नाही लागला म्हणून, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मी म्हणालो, "थांबा, मी बूच काढतो," आणि सगळ्यांच्या आधी होडीच्या मागे गेलो. बूच नव्हतंच. भोकातून पाणी धो धो वाहत होतं. मी भोकासमोर गुडघे टेकून बसलो आणि हाताने पिळायचं नाटक केलं. जे नव्हतं ते मी काढत होतो.

इथेच संपलं असतं तर मी कदाचित फक्त आळशी ठरलो असतो. पण तळाला एक चीर होती — जुनी, वरवरची, आदल्या वर्षी होडी ओढताना पडलेली. मी तिच्यावर बोट ठेवलं. "इथून शिरलं पाणी. खडकाने फाडलंय." काका वाकले. त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला, बराच वेळ. "मग लागला असेल," म्हणाले.

त्या चिरेवर फायबर मीच चढवलं. योग्य मापाचं बूचही मीच आणलं, गुपचूप. पुढच्या फेरीपासून सुकाणू सुभाषकडे गेलं. कुणी काही ठरवलं नाही. काका सकाळी उठून आले आणि वल्हं उचलून बाजूला बसले. मग तेही यायचे थांबले. सुभाषने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. वयाच्या मानाने नजर चांगली आहे, असं डॉक्टर म्हणाला. काकांना ते पटेना. एकदा पडवीत मी शेजारी बसलो होतो तर म्हणाले, "डॉक्टरला काय कळतंय? मला तो खडक लागलेला कळलासुद्धा नाही रे. हातालाही नाही."

सुकाणूवर आयुष्य गेलेला माणूस होता तो. त्यांचा हात खरं सांगत होता. आणि मी काय म्हणालो?

"होतं काका. वय झालं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. गेले तेव्हा मी खांदा दिला.

आता आमच्या खाडीत त्या खडकाला सगळे 'नानाचा खडक' म्हणतात. कुणी मुद्दाम ठेवलेलं नाव नाही, पडत गेलं. परवा आमच्या होडीवर नवीन खलाशी आला. बाहेर पडताना सुकाणू त्याच्या हातात होतं. त्याने विचारलं, होडी कुठून काढू? सुभाष जाळी आवरत होता, त्याचं लक्ष नव्हतं. मी म्हणालो, "नानाचा खडक उजवीकडे ठेव."